चाचणी संडासापाशीच का थांबते?

नळाच्या पाण्यात डाएट कोल्ड्रिंकमधलं केमिकल सापडलं अशी बातमी अधूनमधून येतेच, आणि आली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते बघा आपल्याला विष पाजतायत, कॅन्सर होणार, पोटातले चांगले जंतू मरणार, पोरांचं वाटोळं होणार. दुसरी पार्टी जरा शिकलीसवरलेली, ती गालात हसते आणि सांगते अहो ऑलिम्पिकच्या स्विमिंग पूलमध्ये अर्धा चमचा टाकल्याएवढं प्रमाण आहे ते, जा झोपा. मग दोन दिवस एकमेकांची अक्कल काढून झाली की विषय बंद, पुढची बातमी येईपर्यंत. मला या भांडणाचा वैताग येतो कारण हिशोबात दुसरी पार्टी बरोबर आहे आणि तरीही तिचं 'जा झोपा' साफ चुकीचं आहे. माझं म्हणणं असं की एवढ्याशा स्वीटनरने पिणाऱ्याला काही होत नाही हे एकदा मान्य करून मोकळं व्हावं. पण ते तिथे पोचलंय कसं, त्याच्याबरोबर अजून काय पोचलंय, आणि जो पदार्थ कशानेच मोडत नाही तो रोज खाण्यात घालायची परवानगी देताना पुढचा विचार किती केला, हे प्रश्न खरे आहेत आणि नेमके तेच कोणी विचारत नाही.

आधी हिशोब, म्हणजे घाबरलेल्यांचं समाधान होईल (होत नाही हा अनुभव आहे, तरी). समजा एक लिटर पाण्यात १ मायक्रोग्रॅम सुक्रालोज आहे, म्हणजे साखरेऐवजी डाएटच्या वस्तूंत घालतात त्यातलं एक स्वीटनर. हा आकडा हवेतला नाही, अमेरिकेत २०११ मध्ये जो अभ्यास आला त्यात १९ पैकी १५ जलशुद्धीकरण केंद्रांकडे येणाऱ्या पाण्यात सुक्रालोज सापडलं होतं आणि जास्तीत जास्त प्रमाण लिटरमागे तीनेक मायक्रोग्रॅमच्या आतच होतं. दिवसाला २ लिटर पाणी प्यायलं तर २ मायक्रोग्रॅम पोटात गेलं. चहा-कॉफीत टाकायची जी छोटी पुडी मिळते तिच्यात साधारण १२ मिलिग्रॅम सुक्रालोज असतं, म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम. तेवढं नुसत्या पाण्यातून पोटात जायला ६,००० दिवस लागतील, सोळा वर्षं. एक पुडी, सोळा वर्षं! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांच्या सरकारी खात्याने, ठरवलेली रोजची मर्यादा आहे शरीराच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, आणि पाण्यातून मिळतं ते त्याच्या दीड लाखाव्या भागाएवढं. आता समजा ती मर्यादा चुकीची आहे, शंभरपट सैल आहे असंही धरा, तरी पाण्यातलं प्रमाण तिच्या खूप खाली राहतं. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे थेंबे थेंबे तळे साचे. म्हण छान आहे पण इथे लागू नाही, कारण सुक्रालोज पाण्यात विरघळणारं आहे, चरबीत जाऊन बसत नाही, आलं तसं निघून जातं. शरीरात तळं साचत नाही. तळं साचतं ते दुसरीकडे, त्याच्याकडे येतोच.

आणि एक गोंधळ आधीच निस्तरलेला बरा. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करायला ही स्वीटनर वापरू नका, लांबच्या पल्ल्यात फायदा दिसत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसीने अस्पार्टेम या दुसऱ्या स्वीटनरला २-बी गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक', आणि त्याच दिवशी अन्नातल्या पदार्थांची मर्यादा ठरवणाऱ्या जेकफा समितीने किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनीच मर्यादा कायम ठेवली. हे सगळं मुद्दाम तोंडाने खाल्ल्या-प्यायलेल्या स्वीटनरबद्दल आहे. त्यावर जरूर भांडा, मी स्वतः डाएट ड्रिंक रोज पिणं शहाणपणाचं समजत नाही. पण पाण्याच्या वादात अस्पार्टेम ओढून आणणं म्हणजे गंमतच आहे, कारण सगळ्यात जास्त बदनाम झालेलं हे स्वीटनर पाण्यात जवळपास सापडतच नाही! ते आतड्यात मोडतं, त्याची दोन अमिनो आम्लं आणि थोडं मिथेनॉल होतं, आणि शरीर ते नेहमीच्या अन्नासारखं वापरून टाकतं. नदीत आणि भूजलात सापडतात ती सुक्रालोज आणि असेसल्फेम. म्हणजे जी शरीराला हातही लावत नाहीत म्हणून सुरक्षित मानली गेली, तीच.

खरी गोम इथेच आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. सुक्रालोज म्हणजे साखरेचाच रेणू, फक्त त्यातले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरिन बसवलेले. साखरेच्या ६०० पट गोड, पण शरीराला हा रेणू ओळखू येत नाही, कापता येत नाही. खाल्लेल्यातलं बहुतेक शोषलंच जात नाही, सरळ विष्ठेतून बाहेर, आणि जे थोडं शोषलं जातं तेही बरंचसं जसंच्या तसं लघवीतून. असेसल्फेम उलट पूर्ण शोषलं जातं पण तेही न मोडता लघवीतून निघतं. शून्य कॅलरी म्हणजे काय, तर शरीराला त्यातून काही काढताच आलं नाही. आता सांडपाण्याच्या प्लांटमध्ये काय असतं? तिथेही जंतूच असतात, आपल्या पोटासारखेच खाऊन मोडणारे. जो रेणू आपल्या आतड्याला दाद देत नाही तो त्यांना तरी का देईल? मग क्लोरिन, त्यालाही सुक्रालोज फारसं जुमानत नाही. म्हणजे डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला जो गुण आहे, तोच नदीत गेल्यावर दोष होतो, आणि हे कुठल्या अपघाताने झालेलं नाही, वस्तूच तशी आहे.

या सुक्रालोजच्या शोधाची गोष्ट मराठी माणसाला तर पाठच पाहिजे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस काम करत होते, साखरेत क्लोरिन घातलेले रेणू बनवायचं काम होतं. त्यांना सांगण्यात आलं की हे 'टेस्ट' कर, त्यांनी ऐकलं 'टेस्ट' कर, आणि त्यांनी सरळ जिभेवर ठेवलं. मराठीत लिहिलं की दोन्ही शब्द सारखेच दिसतात, चाचणीही टेस्ट आणि चवही टेस्ट, त्यामुळे हा विनोद आपल्या लिपीत जेवढा मुरतो तेवढा मूळ इंग्रजीत मुरत नसेल. फडणीसांना काही झालं नाही ही त्यांची कृपा नाही, रेणूची कृपा. पुढे कॅनडात १९९१ ला आणि अमेरिकेत १९९८ ला परवानगी मिळाली, आणि त्याआधी प्राण्यांवर, माणसांवर भरपूर चाचण्या झाल्या, हे अमान्य करायचं कारण नाही. माझा आक्षेप चाचण्या कमी झाल्या असा नाहीये. शरीरात काय होतं, लघवीत किती जातं, विष्ठेत किती जातं, हे ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं, आणि ९० टक्के माल बाहेर पडला हे कळल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बाहेर म्हणजे कुठे?

आता साक्षीदाराची गोष्ट. पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय सापडला की पाणी नापास होतं, बरोबर? पण ई-कोलायच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात, त्या आत्ता तुमच्या माझ्या आतड्यात सुखाने नांदतायत. तरी नापास का? कारण तो जंतू माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतूनच येतो, आणि तो आला म्हणजे त्याच वाटेने कॉलरा, टायफॉइड, कावीळ काहीही येऊ शकतं. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण हे तर्कशास्त्र वापरतोय. कोणी शहाणा असं म्हणतो का की 'अहो ई-कोलायची संख्या बघा किती कमी, आणि बहुतेक तर चांगलेच असतात, जा झोपा'? मग स्वीटनरच्या बाबतीत तेच वाक्य शास्त्रीय कसं काय ठरतं? असेसल्फेम निसर्गात कुठेही तयार होत नाही. ते भूजलात सापडलं याचा एकच अर्थ, माणसांनी वापरून टाकलेलं पाणी इथवर पोचलंय. पाण्यावर काम करणारे लोक हे कधीपासून ओळखून आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००९ मध्येच दाखवून झालं की असेसल्फेम सांडपाण्याचा उत्तम माग देतं, कॅनडातल्या ग्रँड नदीवरही हीच मोजदाद झालीय, गळके सेप्टिक टँक आणि फुटक्या ड्रेनेज लाइन शोधायला ही स्वीटनर वापरतात. आणि २०१७ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनी तर असेसल्फेम मोजून पोहण्याच्या तलावात लोक किती लघवी करतात ते काढलं, ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात ७५ लिटर. त्या तलावाची बातमी वाचून कोणी म्हणालं का की असेसल्फेमचं प्रमाण अगदी सुरक्षित आहे, खुशाल डुंबा? तिथे सगळ्यांना बरोब्बर कळलं की मुद्दा असेसल्फेमचा नाहीये.

नळाच्या बाबतीत मात्र हेच कळत नाही. घाबरलेली पार्टी स्वीटनरला धोपटत बसते, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि हसणारी पार्टी संन्यासी निर्दोष आहे हे सिद्ध करून घरी जाते, चोराबद्दल ब्र नाही. आणि तो चोर काल्पनिक नाही. आपण जी औषधं गिळतो त्यातलीही बरीच तशीच बाहेर पडतात, फिटचं कार्बामाझेपिन प्लांटमध्ये जेमतेम मोडतं, दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक अर्धवट, अँटिबायोटिक, हार्मोन, साफसफाईची रसायनं, सगळी वरात त्याच पाइपातून. त्यांची प्रमाणंही बारीकच असतात हे खरंय, पण ती रसायनं शरीरात काहीतरी घडवून आणायलाच बनवलेली असतात, त्यांना 'निष्क्रिय' म्हणायची सोय नाही. स्वीटनर मोजायला सोपं, सगळीकडे सापडणारं, आणि स्वतः निरुपद्रवी. यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही, आणि आपण त्याला आरोपी करून निर्दोष सोडतोय.

इथे एक खरा वजनदार आक्षेप येतो. ठीक आहे, माग काढायला उपयोग करा, पण मग पदार्थाविरुद्ध तक्रार कशाला? तो ना माणसाला मारतो, ना माशाला. उलट न मोडणारा आहे म्हणूनच इतका चांगला साक्षीदार आहे, तो बंद केलात तर साक्ष कोण देणार? हा युक्तिवाद मला आवडतो, आणि पहिला भाग बराचसा खरा आहे. डॅफ्निया नावाच्या पाणकिड्यांवर सुक्रालोजचे जे प्रयोग झाले त्यात मारायला प्रचंड प्रमाण लागतं, नदीत कधीच नसेल एवढं. पोहण्याच्या ढंगात बदल दिसल्याचे काही प्रयोग आहेत पण त्यावरून आभाळ कोसळलं असं म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते. असेसल्फेम मोडतच नाही असं आधी सगळे म्हणत होते, पण गेल्या दहा-बारा वर्षांत जर्मनीतल्या काही प्लांटमधले जंतू ते खायला शिकले! म्हणजे निसर्गाने उशिरा का होईना मार्ग काढला.

पण यातून काय निघतं? एकतर माणसाच्या शरीराचं प्रमाणपत्र बाकीच्या जीवांना चालत नाही, हे आपण भयंकर किंमत देऊन शिकलोय. डायक्लोफेनॅक माणूस वर्षानुवर्षं घेतोय, ते जनावरांना दिलं, ती जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या, काही जातींची संख्या ९९ टक्क्यांनी घसरली. कारण कळलं २००४ मध्ये, भारतात जनावरांसाठी बंदी आली २००६ मध्ये, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. सुक्रालोजने असं काही केलंय असं मी मुळीच म्हणत नाही, पुरावा नाही. मी म्हणतोय की 'अजून काही दिसलं नाही' या वाक्याची किंमत पदार्थागणिक वेगळी असते. जो पदार्थ महिन्याभरात मोडतो त्याच्याबद्दल अंदाज चुकला तर वापर थांबवा, महिन्याभराने प्रश्न संपला. जो मोडत नाही त्याच्याबद्दल चुकलात तर? भूजलात उतरलेलं पाणी कित्येक ठिकाणी पन्नास-पन्नास वर्षं तिथेच असतं. एका गावाचं सांडपाणी खालच्या गावाचं पिण्याचं पाणी असतं, आणि टंचाईमुळे पाणी पुन्हा-पुन्हा फिरवून वापरणं वाढत चाललंय, प्रत्येक फेरीत नवीन भर पडते आणि जुनं बरंचसं तसंच राहतं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण शरीराला लागू नाही, पण तळ्याला तर लागू होणारच ना. आणि जंतू शिकतील या भरवशावर राहायचं तर असेसल्फेम बाजारात आल्यापासून त्यांना शिकायला काही दशकं लागली, तीही सगळीकडे नाही, आणि सुक्रालोज खायला ते अजून राजी नाहीत.

न मोडणारं म्हणजे सुरक्षित ही समजूत नवी नाही. १९३० साली थॉमस मिजली या अमेरिकन केमिस्टने केमिस्टांच्या सभेत फ्रिऑन हा फ्रिजमध्ये वापरायचा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दाखवलं, विषारी नाही आणि पेटतही नाही. आणि ते खरंच होतं, खोलीत बसलेल्या माणसापुरतं. कशाशीच भांडण नसल्यामुळे तो वायू निवांत वर चढत गेला आणि तिथे ओझोनची वाट लागली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी ओरडून सांगितलं, १९८७ मध्ये असे वायू आटोक्यात आणायचा माँट्रियलचा करार झाला. सुक्रालोज म्हणजे फ्रिऑन असं समीकरण मांडत नाहीये मी, तसं मांडलं तर मी घाबरलेल्या पार्टीत गेलो. मी फक्त सांगतोय की मेणबत्तीचा प्रयोग प्रामाणिक होता आणि तरी प्रश्न अर्धाच विचारलेला होता.

खरं तर याहून चपखल उदाहरण आहे साबणाच्या फेसाचं, आणि ते लोक का विसरले कोणास ठाऊक. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुवायला नवी डिटर्जंट आली, त्यातल्या मुख्य रसायनाची कार्बनची साखळी फांद्याफांद्यांची होती आणि जंतूंना ती खाता येईना. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, काही ठिकाणी तर नळातून पाणी ग्लासात घेतलं की वर फेस. त्या प्रमाणात पिणाऱ्या माणसाला तो फेस विषारी होता का, तर नाही, त्या काळच्या हसणाऱ्या पार्टीने हेच सांगितलं असेल. तरी पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला की डिटर्जंट मोडणारंच असलं पाहिजे, आणि १९६५च्या सुमारास अमेरिकेतल्या उद्योगानेही फांद्यांची साखळी टाकून सरळ साखळीचा रेणू घेतला. कपडे तसेच धुतले जात राहिले, कंपन्या बुडाल्या नाहीत, फेस गेला. कोणाला कॅन्सर झाल्याचं सिद्ध व्हायची वाट कोणी पाहिली नाही. 'हे मोडत नाही' एवढं कारण पुरलं. मला वाटतं तेव्हा ते पुरलं कारण फेस डोळ्याला दिसत होता. सुक्रालोजला फेस येत नाही, रंग नाही, वास नाही, आणि लिटरमागे मायक्रोग्रॅमला तर चवही नाही. दिसलं असतं तर?

यावर म्हणतात की डायबेटीसवाल्यांनी काय करायचं, आणि साखर काय कमी नुकसान करते का. अगदी रास्त. साखरेने केलेलं नुकसान स्वीटनरच्या कैक पट आहे आणि ज्याला गोडाशिवाय जमत नाही अशा पेशंटचा आधार काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण गोड लागणारे आणि मोडणारे पदार्थ आहेत की. अस्पार्टेमवर काय वाट्टेल ती टीका करा, ते नदीत जात नाही. सॅकरिन आणि सायक्लामेटसुद्धा प्लांटमध्ये बऱ्यापैकी मोडतात. म्हणजे निवड साखर की सुक्रालोज अशी नाहीच, आणि शिवाय सुक्रालोज आज टूथपेस्ट, प्रोटीन पावडर, च्युइंगगम, खोकल्याचं औषध सगळीकडे आहे, तिथे कुठला डायबेटीसचा पेशंट आडवा येतोय? औषधांचं वेगळं आहे, फिटचं औषध मोडत नाही म्हणून पेशंटला देऊ नका असं कोणी म्हणणार नाही. पण तिथेही युरोपने २०२४ च्या सांडपाण्याच्या नव्या कायद्यात ठरवलं की प्लांटमध्ये जो जादा टप्पा घालावा लागेल त्याचा निदान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी उचलायचा. जीव वाचवणाऱ्या औषधाला बिल, आणि स्वीटनर बनवणारे त्या यादीत नाहीत! हे कुठलं गणित?

स्वीटनरचे वाद पुराव्यावर कमी आणि आवडीनिवडीवर जास्त ठरतात, हेही जुनंच दुखणं आहे. सॅकरिन १८७९ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सरकारी कृषी खात्याचे मुख्य केमिस्ट हार्वे वायली त्यावर बंदी आणायला निघाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट भडकले, कारण त्यांचा डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत होता, आणि सॅकरिनला घातक म्हणणारा मूर्ख आहे असं त्यांनी सुनावल्याचं वायलींनीच लिहून ठेवलंय. १९७७ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून एफडीएने बंदी सुचवली तर लोकांनीच पत्रांचा पाऊस पाडून ती अडवली, मग नुसतं इशाऱ्याचं लेबल लागलं, आणि २००० साली तेही निघालं कारण उंदरात जे होतं ते माणसात होत नाही असं कळलं. सायक्लामेटवर अमेरिकेत १९६९ पासून बंदी आणि युरोपात ते चालतं. म्हणजे शंभर वर्षं आपण एकाच प्रश्नावर फुगडी घालतोय, माणसाला कॅन्सर होतो की नाही होत. या शंभर वर्षांत लघवीतून बाहेर पडलेल्या मालाबद्दल कोणी पत्रांचा पाऊस पाडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि आता ज्याला वाटतंय की एवढं कशाला, घरी आरओ बसवला की झालं, त्याच्यासाठी एवढंच सांगतो. आरओच्या पडद्यातून सुक्रालोज जवळपास जात नाही हे खरं आहे, तुमच्या ग्लासात ते येणार नाही. पण आरओ काही मोडत नाही, फक्त बाजूला काढतो. जेवढं पाणी गाळून मिळतं त्याच्याबरोबर एक पाण्याची धार बाजूच्या नळीतून मोरीत जात असते, पडद्याने अडवलेलं सगळं त्या धारेत असतं, आणि ती जाते त्याच ड्रेनेजमध्ये जिथून ते आलं होतं, फक्त आधीपेक्षा जरा घट्ट होऊन.